लहान शेतावर मधुमक्षिकापालन : पेटी आणण्यापूर्वीचा विचार

अल्पभूधारक शेतकऱ्यास जोडधंदा सुचविताना मधुमक्षिकापालनाचे नाव वारंवार घेतले जाते. या धंद्यास स्वतंत्र जमीन लागत नाही व चारा विकत आणावा लागत नाही, हे खरे आहे. परंतु चारा लागतच नाही, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. मधमाशीचा चारा म्हणजे फुलांतील मकरंद व पराग. ज्या शिवारात हा चारा वर्षातील कित्येक महिने मिळत नाही, तेथे आणलेली वसाहत टंचाईच्या पहिल्याच हंगामात पेटी सोडून निघून जाते. मागे राहते ती रिकामी पेटी आणि तिच्यापायी काढलेले कर्ज. म्हणून पेट्यांची मागणी नोंदविण्यापूर्वी शेतकऱ्याने, आणि त्यास सल्ला देणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्याने, वर्षभराच्या फुलोऱ्याचा हिशेब मांडणे अवश्य आहे.

हा हिशेब केवळ स्वतःच्या बांधापुरता मांडून चालत नाही. सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारणपणे एक किलोमीटरच्या आसपास फिरते. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ३१४ हेक्टर, म्हणजे पावणेआठशे एकर क्षेत्र येते. दोन एकरांच्या धन्याची माशी पावणेआठशे एकरांवर चरते, ही गोष्ट एकदा ध्यानी आली म्हणजे शेजाऱ्याचे पीक, गावठाणातील झाडे, ओढ्याकाठची करंजे आणि डोंगरावरील रान या सर्वांची नोंद का करावयाची ते उलगडते. वहीत बारा महिन्यांची बारा पाने घालावीत. दर पंधरवड्यास शिवारफेरी करून कोणते झाड वा पीक फुलले, त्यावर माश्या येतात की नाही, व त्या मकरंद नेतात की पायांवर परागाच्या गोळ्या, हे लिहावे. ज्वारी-मक्याच्या तुऱ्यावर माश्या दिसल्या म्हणजे मध मिळेल असे नव्हे. तेथे पराग मिळतो, मकरंद नाही. तोडणीपूर्वी क्वचितच फुलावर येणाऱ्या उसाच्या पट्ट्यात तर या बाबतीत विशेष आशा धरू नये.

सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घेतले तरी एका जिल्ह्यात दोन निरनिराळी वेळापत्रके आढळतात. पश्चिमेकडे जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागांत मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ व पाठोपाठ हिरडा फुलतो आणि मधाचा मुख्य हंगाम तोच असतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी ती भरभरून देते, परंतु तिच्या भरवशावर धंदा उभारता येत नाही. तेथील खरा दुष्काळ भर पावसाळ्यात असतो, कारण संततधारेत माशीला बाहेर पडता येत नाही. पूर्वेकडील माण-खटावच्या कोरड्या भागात उलट स्थिती आहे. तेथे करडई, सूर्यफूल, धने, कांद्याचे गोंडे, बोर व कडुलिंब यांवर भिस्त असून उन्हाळ्याची अखेर कठीण जाते. वहीतील कोरी पाने सलग तीन-चार महिन्यांची निघाली, तर तितके दिवस वसाहत साखरेच्या पाकावर जगवावी लागेल, असे समजून खर्च धरावा. साखर व पाणी समभाग घेऊन पाणी उकळावे, साखर विरघळवून पाक निववावा व सायंकाळी पेटीच्या आत ठेवावा. बाहेर सांडल्यास इतर वसाहतींच्या माश्या लुटालूट करतात. गूळ वापरू नये. त्याने माश्यांना हगवण लागते.

माशीची निवडही याच वहीवरून ठरते. आग्या व फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत नांदत नाहीत. मेलिफेरा माशी अधिक मध देते, पण तिला फुलोऱ्यामागे पेट्या वाहून न्याव्या लागतात. दोन एकरांच्या शेतकऱ्याने प्रथमच त्या फंदात पडू नये. सह्याद्रीच्या कुशीतील शेतकऱ्यास सातेरीच सोयीची. मात्र १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या, हे विसरू नये. वसाहत घेताना पिलाव्याची चौकट उजेडात धरून पाहावी. डोके वर उचललेल्या, पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या मेलेल्या अळ्या आढळल्यास ती वसाहत फुकटही घेऊ नये.

सुरुवात दोन वसाहतींनी करावी. एकच असल्यास तुलना करता येत नाही, आणि राणी मेली तर उपाय खुंटतो. दोन असल्यास दुसऱ्या पेटीतील अंडी व कोवळ्या अळ्या असलेली चौकट दिली की कामकरी माश्या त्यांतूनच सुमारे पंधरा-सोळा दिवसांत नवी राणी तयार करतात. पेटी मात्र गावच्या सुताराकडून अंदाजाने करवून घेऊ नये. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधपाळाने १८५१ साली ओळखलेल्या माशीच्या वाटेच्या मापावर सबंध चौकट-पद्धती उभी आहे. हे अंतर वाढले की माश्या मध्येच जास्तीची पोळी बांधतात, कमी झाले की त्यांची ये-जा अडते. सातेरीची पेटी मेलिफेराच्या पेटीहून लहान असते, हेही पाहून घ्यावे. पेटीस सकाळचे ऊन व दुपारची सावली असावी, जवळ पाणी असावे, गुरे बांधण्याची जागा दूर असावी आणि घोडीचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

उत्पन्नाचा अंदाज हात आखडूनच करावा. चांगल्या जागी सातेरीची वसाहत वर्षाला पाच ते दहा किलो मध देते. पहिल्या वर्षी काहीच धरू नये. पोळे पिळून मध काढण्याची जुनी रीत पिलावा मारते व मेण वाया घालवते. वरच्या मधकोठीतील तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्यावरच चौकट काढून मधयंत्रात फिरवावी व रिकामे पोळे परत द्यावे. यंत्र चार-पाच शेतकऱ्यांत मिळून एक पुरे. मधाहून मोठा लाभ पुष्कळदा शेतातच होतो. काकडी-दोडक्याची नर व मादी फुले वेगवेगळी असतात. कांद्याचे बीजोत्पादन, कारळा व सूर्यफूल हेही परागीभवनासाठी कीटकांवर फार अवलंबून असतात. परंतु शेजाऱ्याने फुलोऱ्यात भर दिवसा औषध फवारले, तर एका सकाळीत पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. म्हणून फुलोऱ्यात शक्यतो फवारणी करू नये, निकडीची असल्यास संध्याकाळी करावी व आदल्या दिवशी मधपाळास कळवावे, एवढा करार वस्तीवर आधी करून घ्यावा. येथे कार्यकर्त्याचा शब्द शेतकऱ्याच्या शब्दाहून अधिक उपयोगी पडतो.

प्रशिक्षणासाठी महाबळेश्वरचे मधसंचालनालय व १९६२ साली स्थापन झालेली पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही दोन ठिकाणे जवळची आहेत. महाबळेश्वरजवळील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. तेथे एक फेरी मारून पेट्या प्रत्यक्ष उघडताना पाहाव्यात. डंखाने ज्यांचे अंग सुजते वा श्वास लागतो, अशांना तेथेच आपली प्रकृती कळून येईल.

वसाहत आणावयाची ती फुलोरा चढू लागताना. डोंगरी भागात थंडी ओसरू लागल्यावरचा काळ योग्य होय. पावसाळ्याच्या तोंडावर कोणी स्वस्तात देऊ करील, ती घेऊ नये.