नदीकाठची माती आणि तिच्यातला चुना

तळेगाव दाभाडे

चिरंजीव,


तू पाठवलेले मातीचे फोटो पाहिले. फोटोवरून माती कळत नाही, हे तुला मागेही सांगितलं होतं. पण खड्ड्याच्या कडेला दिसणारे पांढरे खडे मात्र स्पष्ट दिसले. त्याखाली तू लिहिलंस की ही नदीकाठची चुनखडकाची पोयटा जमीन आहे आणि पुस्तकात ती सर्वांत सुपीक म्हणून दिली आहे. पुस्तक चुकीचं नाही. फक्त ते युरोपातल्या नद्यांबद्दल बोलतंय, आणि तुझं शेत इंदुरीकडे इंद्रायणीच्या काठी आहे.

आपल्या मावळात चुनखडकाचे डोंगर नाहीत. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, कार्ले-भाजे इथल्या लेण्यांचा डोंगर, सगळा लाव्ह्याचा काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चुनखडकावरची जमीन बघायची असेल तर वणी-राजुऱ्याकडे, पैनगंगेच्या बाजूला जा. तिथे जमिनीखालीच चुनखडक आहे, म्हणून तर त्या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. तसल्या मुलखातून येणारी नदी गाळाबरोबरच बारीक चुना आणते आणि तो सगळ्या थरात मिसळलेला असतो. तुझ्या पुस्तकातली माती ती.

मग तुझ्या खड्ड्यात काय आहे? चुनाच आहे, पण तो मातीतच तयार झालेला. काळ्या पाषाणाच्या वजनात कॅल्शियम ऑक्साइडचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. शुद्ध चुनखडकात तो 56 टक्के. पाषाण झिजला की कॅल्शियम सुटं होतं आणि पावसाच्या पाण्यात उतरतं. पाणी धो धो असेल तर ते ओढ्यानाल्यांतून निघून जातं. पाणी बेताचं असेल तर दोन-तीन फूट खाली मुरतं, उन्हाळ्यात आटतं आणि बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरावा तसा चुना तिथेच धरतो. आधी नुसती पांढरी भुकटी, मग मुळांनी सोडलेल्या पोकळ्या भरतात, आणि हजारो वर्षांनी तुझ्या फोटोतला खडा.

आता पाऊस बघ. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे, आणि तिथून पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. पाषाण दोन्हीकडे एकच. पण लोणावळ्याकडे चुना धुऊन गेलेला, माती तांबूस आणि आंबटपणाकडे झुकलेली. कामशेत ओलांडून खाली येऊ लागलं की माती काळसर होत जाते आणि मधूनमधून चुनखडी दिसू लागते. गुलाबाच्या पॉलिहाऊसवाले ट्रकने लाल माती का आणतात, असं तू विचारलं होतंस. हेच कारण. गुलाबाला किंचित आंबट आणि निचऱ्याची माती लागते. बोअरच्या पाण्यातल्या चुन्याने ठिबकची तोंडं बंद होतात म्हणून ते नळ्यांमधून आम्ल सोडतात, तेही याच चुन्याचं प्रकरण.

चुन्याने नदीचा गाळ जोडला जाणं जुनंच आहे. नेवाशाला प्रवरेच्या काठी वाळू-गोट्यांचे थर चुन्याने इतके घट्ट जोडलेले आहेत की कुदळ लागत नाही; त्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी 1954 ते 56 मध्ये नेवाशाला उत्खनन केलं. कधी त्या बाजूला गेलास तर काठावर उतरून तो थर हाताने चाचपून ये. पांढऱ्या खड्याकडे बघायची नजर तिथे तयार होते.

तुझ्या शेताकडे येतो. दोन एकरांचा तुकडा असला तरी ती एक माती नाही. पुराचं पाणी काठ सोडून पसरलं की त्याचा जोर मोडतो. जड रेती काठालगतच पडते, पुढे पोयटा, आणि सगळ्यात बारीक चिकण माती लांब, सखल कोपऱ्यात जाऊन बसते. म्हणून काठापासून बांधापर्यंत चालत जा आणि जागोजागी मूठभर माती ओली करून अंगठा आणि तर्जनीत दाबत फीत काढ. इंचभर येऊन तुटली तर पोयटा. दोन इंचांच्या पुढे गेली तर चिकण. रेताड पट्ट्यात फीत येणारच नाही. या प्रत्येक पट्ट्याचा नमुना वेगळा घ्यायचा. सगळी माती एका घमेल्यात कालवलीस तर प्रयोगशाळा तुला अस्तित्वात नसलेल्या शेताचा अहवाल देईल. माझी अख्खी नोकरी असल्या पिशव्या उघडण्यात गेली आहे.

भातासाठी वीतभर खोल, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा पुरे. लिंबाचा विचार असेल तर तीन फूट खणायचं आणि दर फुटाचा नमुना वेगळा ठेवायचा. वरच्या फुटात चुना नसतो, तिसऱ्या फुटात गच्च असतो, आणि झाड तीन-चार वर्षांचं होऊन मुळं तिथे पोचली की पिवळं पडायला लागतं. तोपर्यंत रोपवाटिकावाला फोन उचलत नाही. खताचा ढीग, बांध, झाडाची सावली, या जागा टाळ.

अहवाल हातात आल्यावर एक गोष्ट लक्षात ठेव. सरकारची मृदा आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते, चांगली आहे. तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. मुक्त चुना त्यात नाही. तो वेगळा सांगून तपासून घ्यावा लागतो, आणि तुला नेमका तोच आकडा हवा आहे. पाच टक्क्यांच्या आत असेल तर काळजीचं कारण नाही. दहाच्या वर गेला तर लिंबाचा नाद सोड.

घरीही बघता येतं. फरशीचं आम्ल मिळतं ते पाण्यात पातळ कर (आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, आणि डोळ्यांवर चष्मा असू दे) आणि कोरड्या ढेकळावर दोन थेंब टाक. फसफसलं तर चुना आहे. नुसती बारीक चुरचुर ऐकू आली तर थोडा. फेस उसळला तर भरपूर. खडा बाजूला काढून त्याच्याभोवतीच्या मातीवरही टाकून बघ. खडा फसफसतो आणि माती गप्प राहते, असं असेल तर तुझं बरंचसं काम सोपं झालं, कारण पिकाला त्रास देतो तो मातीत भिनलेला बारीक चुना. हीच गोष्ट वीटभट्टीवाल्याच्या बाबतीत उलटी असते. त्याला खड्यांची भीती. खडा भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, पुढे ओल लागली की फुगतो आणि वीट फोडतो. तुझ्या शेजारच्याची माती भट्टीवाल्याने नाकारली म्हणतोस, ती याचमुळे असणार.

आता जिप्समचं. दुकानदाराने एकरी दोन टन सांगितलंय. पांढरं दिसलं की जिप्सम, असा बाजारात रिवाजच पडलाय. जिप्सम चोपण जमिनीसाठी असतं, जिथे सोडियमने माती चिकटून बसलेली असते आणि सामू साडेआठच्या वर जातो. चुनखड जमिनीचा सामू बहुधा 7.8 ते 8.4 च्या दरम्यान अडकलेला असतो. तिथे जिप्सम टाकणं म्हणजे कॅल्शियमच्या ढिगावर आणखी कॅल्शियम. तू म्हणशील, मग गंधक टाकून चुना संपवू. हिशोब कर. एका एकरात वरच्या वीतभर मातीचं वजन नऊ लाख किलोच्या घरात. तिच्यात पाच टक्के चुना म्हणजे पंचेचाळीस टन. तो पूर्ण विरघळवायला गंधक लागेल चौदा टनांहून जास्त. एवढ्या पैशात दुसरी जमीन येईल. म्हणून चुना संपवायचा नाही, त्याच्यासोबत राहायचं. गंधक टाकायचंच तर शेणखतात मिसळून मुळांपाशी, थोडं. स्फुरदही सगळीकडे उधळू नकोस, पट्ट्याने ओळीत दे. मोकळं टाकलेलं चुना पकडून ठेवतो.

चुन्याची दुसरी बाजूही आहे. त्याच्यामुळे चिकण माती गोळे न धरता रवाळ राहते, पाणी मुरतं, भात निघाल्यावर हरभरा-मसुराला वाफसा लवकर येतो. पुस्तकाने सुपीक म्हटलं ते यासाठी, आणि तेवढं तुझ्या शेतालाही लागू आहे.

भात इंद्रायणीच लाव. नदीच्या नावाचं हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलं, आंबेमोहर 157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून. केंद्र तुझ्या शेतापासून फार लांब नाही. दुकानात जाण्याआधी तिथे जाऊन ये. भाताची एक गंमत सांगतो. राब भाजून गादीवाफ्यावर रोप टाकलंस आणि पाऊस लांबला की कोवळं पान पिवळं पडेल, शिरा हिरव्या राहतील. तो केवडा, लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण कोरड्या चुनखड मातीत ते विरघळत नाही. अर्धा टक्का हिराकसाची फवारणी कर, संध्याकाळी, पंप धुऊन. लावणी होऊन खाचरात पाणी उभं राहिलं की हवा तुटते, लोह सुटतं आणि पीक आपसूक हिरवं होतं. त्या वेळी मात्र जस्ताकडे बघ. लावणीनंतर दोन-चार आठवड्यांनी खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके आले तर तो खैरा. पंतनगरला 1966 मध्ये नेने यांनी तो जस्ताच्या कमतरतेचा रोग म्हणून ओळखला. गंज दिसला की लोक करपा समजून बुरशीनाशक मारतात, पैसे जातात आणि ठिपके तसेच राहतात.

धरणाचा गाळ आणून टाकायचा तुझा बेत चांगला आहे. पवना किंवा वरच्या तलावांचा गाळ जास्त पावसाच्या डोंगरातून येतो, त्यात चुना कमीच असतो. पण आणायच्या आधी त्याच्यावरही ते दोन थेंब टाक.

आणि हो, निळ्या पूररेषेच्या आत शेड उभारायचं म्हणतोस, ते डोक्यातून काढ. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. नदी नकाशा बघून येत नाही, आणि मंजुरीही मिळणार नाही.

खड्डे या आठवड्यात खण, जमीन अजून मऊ आहे. पिशव्यांवर पट्टा आणि खोली पेन्सिलीने लिही, शाई ओलीने पसरते. मुक्त चुन्याचा आकडा आला की फोन कर, मग लिंबाचं ठरवू. जिप्समवाला तोवर आलाच तर त्याला चहा पाजून परत पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा