यांचा फोन मी उघडला तेव्हा

नवऱ्याचे मेसेज चोरून वाचले, ही माझी पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी होती आणि ती दोन मिनिटांत झाली. तिच्यासाठीच हे लिहिते आहे.

आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. हे सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात यांचा फोन टेबलावर पालथा पडू लागला. जेवताना वाजला की घास हातात तसाच राहायचा. विचारलं तर ‘कंपनीचं आहे’ एवढंच. एका रविवारी हे अंघोळीला गेले. फोनचा पॅटर्न मला माहीत होता, मुलाचा क्लासचा लॅपटॉप समोरच होता. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं, पडद्यावरचा चौकोनी कोड त्यांच्या फोनने स्कॅन केला आणि बादली भरायच्या आत त्यांचं सगळं बोलणं माझ्यासमोर आलं. तेवढ्यात आतून हाक आली, “अगं, साबण संपलाय.” मी नवी वडी दारातून दिली. हात थरथरत होता.

अकरा दिवस वाचत राहिले. समोर अकाउंट्समधल्या एक बाई. ‘जेवलात का?’, ‘साहेब आज परत बोलले’, ‘घरी सांगवत नाही’. मधूनच मेसेज डिलीट केल्याची ती करडी ओळ. त्या ओळीच्या जागी काय असेल ते मी माझ्या मनाने भरत गेले. वाचलेल्या शब्दांपेक्षा त्या न दिसलेल्या शब्दांनी मला जास्त जाळलं.

अकराव्या रात्री वाचलं : ‘तुमच्याशी बोललं की झोप लागते.’ स्क्रीनशॉट काढला आणि नणंदेला पाठवला. खाली लिहिलं, ‘वन्सं, बघा तुमच्या भावाचं.’ सकाळपर्यंत तो जावेकडे गेला, तिथून माझ्या माहेरी, आणि कुणीतरी त्या बाईंच्या सासरीही पोचवला. आठ दिवसांत त्यांना नोकरी सोडावी लागली.

खरं काय होतं ते मला त्यानंतर कळलं. कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं, यादीत यांचं नाव होतं. दोन महिने पगार अर्धा झाला होता आणि हे पतपेढीतून कर्ज काढून घरात पूर्ण आणून देत होते. पगाराचा हिशेब त्या बाईंकडे असल्यामुळे त्यांना ते ठाऊक होतं. शरीराचा संबंध नव्हता. मनाचं काहीच नव्हतं असं मात्र मी आजही म्हणणार नाही, आणि हेही म्हणत नाहीत. जे मला सांगायचं ते दुसरीकडे सांगितलं, ते मला लागलं. लागणारच. पण ते आमच्या दोघांत बोलून सुटलं असतं. सगळ्या नातेवाइकांसमोर मान खाली घालून बसलेला नवरा मी पाहिला, आणि तसं त्यांना बसवलं होतं मीच. त्यानंतरच्या दोन राखीपौर्णिमांना हे बहिणीकडे गेले नाहीत.

रागाच्या भरात मी वकिलीणबाईंकडेही गेले होते. त्यांनी स्क्रीनशॉट पाहिले आणि म्हणाल्या, “यातून काय सिद्ध होतं, ते तुम्हीच सांगा.” व्यभिचाराचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं आहे, तेव्हा पोलिसांत तक्रार करून उपयोग नाही. हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आजही आहे, पण ‘जेवलात का’ एवढ्यावर तो सिद्ध होत नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं म्हटलं. ते ऐकून अनेकांना वाटतं, आता पाळत ठेवायला मोकळीक मिळाली. तसं नाही. परवानगीशिवाय, लबाडीने दुसऱ्याच्या फोनात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आजही गुन्हा ठरू शकतं. फोनात लपवून टाकायची पाळतीची अ‍ॅप्स तर मुळीच घेऊ नका.

संशय आला तर विचारा. रात्री नको, मुलं घरात असताना नको, आणि पुरावा हातात नाचवत नको. ‘तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय, मला भीती वाटते,’ एवढं वाक्य पुरतं. हे वाक्य मी चार महिने गिळून बसले होते. उत्तर मिळालं नाही तर समुपदेशकाकडे जा. दावा दाखल झाला तर कौटुंबिक न्यायालयातही विवाह समुपदेशक असतात. मारहाणीची भीती असेल तर मात्र विचारत बसू नका, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. बायकोचा फोन तपासणाऱ्या पुरुषांनाही मी हेच सांगेन : चोरून पाहू नका, विचारा. आणि तुमचा स्वतःचा फोन दुसरीकडे जोडलेला आहे का, ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये आजच पाहून घ्या. यांनी तिथे कधीच पाहिलं नव्हतं.

त्या बाईंची माफी मागायला मी गेले होते. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं आणि लावून घेतलं. तुमच्याकडे असा एखादा स्क्रीनशॉट असेल आणि तो अजून कुणाला पाठवला नसेल, तर कृपा करून आजची रात्र तो पाठवू नका.