ध्रुवीय स्फटिकाचा पृष्ठभाग : आत एक, वर दुसरंच



घन अवस्थेच्या पाठात आपण बेरियम टायटनेटची एकक पेशी काढतो. कोपऱ्यांवर बेरियम, प्रत्येक बाजूच्या मध्यावर ऑक्सिजन, मधोमध टायटॅनियम. मग प्रकल्पासाठी भट्टीत तयार केलेल्या नमुन्याचा एक्सआरडी आलेख येतो, शिखरं तक्त्याशी जुळतात आणि वहीत वाक्य पडतं, "नमुना शुद्ध आहे." आज त्या वाक्याकडे जरा संशयाने बघू.

आपल्या हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी आली की व्यापारी वरवरचा कापूस बघून भाव बोलत नाही, हात आत घालतो. एक्सआरडीचं उलटं आहे. क्ष-किरण काही मायक्रॉन खोल जातात, म्हणजे अणूंचे हजारो थर. आतला माल चांगला कळतो, पण अगदी वरच्या दोन-चार थरांत काय आहे ते त्या आलेखात दिसत नाही. आणि फेरोइलेक्ट्रिक ऑक्साइडमध्ये खरी गंमत त्या दोन-चार थरांतच आहे.

कारण समजून घ्या. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर बेरियम टायटनेटची पेशी घनाकार असते. त्याखाली टायटॅनियम मध्यापासून किंचित सरकतो, पेशी एका दिशेला साधारण एक टक्का लांबते आणि तिला एक धन टोक, एक ऋण टोक येतं. आत एका पेशीचं धन टोक शेजारणीच्या ऋण टोकाला भिडतं, हिशेब मिटतो. पृष्ठभागावर मात्र पुढे शेजारीणच नाही! तिथे भार उघडा पडतो.

किती भार? खोलीच्या तापमानाला ध्रुवीकरण दर चौरस मीटरला ०.२६ कूलोम. पेशीची बाजू ०.४ नॅनोमीटर धरा. गुणाकार केला की दर पेशीमागे एका इलेक्ट्रॉनच्या भाराचा साधारण पाव हिस्सा येतो. पाव म्हणजे थोडाच, असं वाटेल. पण हा भार तसाच उघडा राहिला तर विद्युतक्षेत्र किती होईल ते काढा: ०.२६ ला निर्वाताच्या परावैद्युतांकाने भागलं की दर मीटरला जवळपास ३ × १०^१० व्होल्ट! कोरड्या हवेत ३ × १०^६ ला ठिणगी पडते. म्हणजे दहा हजार पट. एवढं क्षेत्र कोणताही स्फटिक सहन करत नाही, त्याचं ध्रुवीकरणच मोडून पडेल. तरीही ध्रुवीकरण टिकतं, याचा अर्थ उघडा भार कोणीतरी झाकलेला असतो.

कोण झाकतं? कधी स्फटिक स्वतःला उलट-सुलट दिशांच्या डोमेनमध्ये वाटून घेतो. कधी आतले इलेक्ट्रॉन किंवा आयन पृष्ठभागाकडे येतात. कधी हवेतलं पाणी आणि ऑक्सिजन येऊन चिकटतात, नाहीतर पृष्ठभागातले काही अणूच कमी-जास्त होतात. हा शेवटचा मार्ग महत्त्वाचा, कारण त्यात वरच्या थराचं रासायनिक सूत्र बदलतं.

या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रात काम झालंय, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. विष्णु गणेश भिडे यांनी मुंबईत असताना बेरियम टायटनेटचे पृष्ठभाग तपासले. त्यांचा डोमेन भिंतींवरचा निबंध १९६३ चा, प्रकाशाच्या व्यतिकरणाने केलेला. ध्रुवीकरणाची दिशा जिथे ९० अंशांनी वळते तिथे पृष्ठभागाला जेमतेम अर्ध्या अंशाचा बाक येतो. एक टक्का लांबीचाच तो परिणाम. एवढा बाक व्यतिकरणाच्या पट्ट्यांत चक्क दिसतो. १९६५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी क्युरी तापमानाच्या वरही टिकणाऱ्या पृष्ठथरांवर लिहिलं. त्याच्या दहा वर्षं आधी केन्झिग यांनी असा सुमारे १०० अँगस्ट्रॉमचा थर असल्याचं मांडलं होतं. आतला भाग घनाकार झाला तरी वरचं कातडं जुनीच विकृती धरून बसतं!

एकाच स्फटिकाच्या दोन बाजू किती वेगळ्या असू शकतात ते लिथियम निओबेटमध्ये बघा. हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात त्याची ऋण बाजू भराभर झिजते, धन बाजूला जवळपास काही होत नाही. १९६६ पासून बाजू ओळखायला हीच युक्ती वापरतात. (हा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत करायचा नाही. ते आम्ल हाडापर्यंत जातं.) सूत्र एकच, तुकडाही एकच, पण वरचे थर वेगळे.

उलटा प्रवासही होतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत लेड टायटनेटच्या पातळ थराभोवतीचा ऑक्सिजन कमी-जास्त केला आणि ध्रुवीकरणाची दिशाच पालटली. ऑक्सिजन भरपूर असला की जादा ऋण आयन पृष्ठभागावर बसतात आणि बाहेरच्या दिशेचं ध्रुवीकरण पक्कं होतं. ऑक्सिजन कमी पडला की दिशा आत वळते. बॅटरी नाही, तारा नाहीत, नुसता वायू.

आता तुमच्या वहीकडे या. बेरियम टायटनेटची भुकटी हवेत ठेवली की वरचा बेरियम ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट बनतो. पाण्यात धुतली तर बेरियम विरघळून जातो आणि वर टायटॅनियमचं प्रमाण वाढतं. एक्सआरडीत यातलं काही कळेलच असं नाही. त्यासाठी काही नॅनोमीटरपुरतंच बघणारी एक्सपीएस चाचणी लागते. ती सोय नसेल तर "एक्सआरडीनुसार अंतर्भागात दुसरी प्रावस्था आढळली नाही" असं लिहा. नमुना कशाने धुतला, किती दिवस उघडा होता, तेही लिहा. परीक्षकाने विचारलं तर उत्तर तयार राहील.

घरी करायचं गणित: लिथियम निओबेटचं ध्रुवीकरण दर चौरस मीटरला ०.७ कूलोम, षट्कोनी पेशीची बाजू ०.५१५ नॅनोमीटर. पेशीचं क्षेत्रफळ काढताना बाजूच्या वर्गाला साइन ६० ने गुणायला विसरू नका. दर पेशीमागे किती भार झाकावा लागतो? बरोबर केलंत तर उत्तर एका अख्ख्या इलेक्ट्रॉनच्या अगदी जवळ येईल.