खांद्याचे पाते : रचना आणि भार
लातूरच्या आडत बाजारात, नांदेडच्या मोंढ्यात पोती वाहणाऱ्या आपल्या बांधवांचा भार पेलण्यात पाठीवरील दोन त्रिकोणी, चपट्या हाडांचा मोठा वाटा असतो. शास्त्रात यांस अंसफलक म्हणतात. दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर पसरलेले हे हाड बरगड्यांशी सांध्याने जोडलेले नसते. हासळीच्या हाडाशी असलेला लहानसा सांधा सोडल्यास ते स्नायूंनीच तोलून धरलेले असते. हात १८० अंश वर नेताना सुमारे ६० अंशांची हालचाल या पात्याची असते. खांद्यावर सतत जड ओझे राहिल्यास छातीच्या बाजूने जाणारा मज्जातंतू दुखावतो, पाते पंखासारखे उचलले जाते आणि हात डोक्यावर नेणे कठीण होते. म्हणून विद्यार्थ्याने दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यावे आणि श्रमिकाच्या ओझ्यालाही मर्यादा असावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.