अरेथूसेचा झरा

प्राचीन ग्रीक लोक वाहतें पाणी निर्जीव मानीत नसत. प्रत्येक झऱ्यांत एक तरुण देवकन्या वास करिते, अशी त्यांची समजूत होती. गोड्या पाण्याच्या या कन्यांस ते ‘नायाड’ म्हणत. नेरेउसाच्या पन्नास कन्या समुद्रांत राहात, आणि ओकेआनोसाच्या कन्या तर हेसिअड कवीनें तीन हजार सांगितल्या आहेत! आपल्याकडील आसरांप्रमाणें त्यांचें भयहि वाटे. हिलास नामक सुंदर मुलास त्यांनीं पाण्यांत ओढून नेल्याची कथा प्रसिद्धच आहे.

आम्हांस मात्र अरेथूसेची कथा अधिक विचारार्ह वाटते. ती आर्टेमिस देवीची सखी. एकदां ती आल्फेउस नदींत स्नानास उतरली असतां त्या नदीचा देव तिजवर मोहित होऊन तिच्या पाठीस लागला. धांवतां धांवतां ती थकली, तेव्हां देवीनें तिचा झरा केला व तिला भूगर्भांतून वाट दिली. ती सिसिलींत, सिराक्यूज शहराच्या ऑर्टिजिया नामक लहानशा बेटावर प्रकट झाली. आणि आल्फेउसहि समुद्राखालून तिच्या मागोमाग गेला!

ही कथा इतक्या दूर कां नेली असावी? सिराक्यूज शहर इ. स. पूर्वीं ७३४ च्या सुमारास कॉरिंथहून आलेल्या लोकांनीं वसविलें. परमुलुखांत, खाऱ्या समुद्राच्या अगदीं कांठाशीं, त्यांस गोड पाण्याचा झरा लाभला. ज्या आल्फेउसच्या तीरीं ऑलिम्पियाचे खेळ होत, तिचेंच हें पाणी, असें म्हणतां आल्यावर मायभूमि थोडी जवळ आल्यासारखी वाटली असेल. पुढें त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर डॉल्फिनांच्या मध्यें अरेथूसेचें मुख झळकूं लागलें.

ख्रिस्ती शाळेंत असल्या कथा कशास, असें कांहीं पालक विचारितात. त्यांनीं स्ट्रेबोकडे पाहावें. ऑलिम्पियाजवळ नदींत पडलेला पेला सिराक्यूजच्या झऱ्यांत निघाला, असें लोक सांगत. या ग्रीक भूगोलकारानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ती गोष्ट तपासली. नदी वाटेंत एखाद्या विवरांत लुप्त होती तर गोष्ट वेगळी. पण ती सर्वांदेखत समुद्रास मिळते, मग तिचें पाणी खाऱ्या पाण्यांत न मिसळतां पलीकडे जाईल कसें? स्वतःच्याच लोकांच्या आवडत्या कथेस असा प्रश्न विचारणें सोपें नसतें.

प्रेषित पौल रोमास जातांना याच सिराक्यूज येथें तीन दिवस राहिला, हें प्रेषितांच्या कृत्यांच्या २८ व्या अध्यायांत आहे. त्याच्या तारवाच्या लोकांनीं या झऱ्याचें पाणी भरलें असेल काय? झरा अद्यापि तेथें आहे, व त्यांत पपायरसचीं उंच झुडपें वाढतात.