मेल अडकला म्हणून लगेच रॅम घेऊ नका

सकाळी ऑफिस उघडतं आणि मेल येईनासा होतो. तंत्रज्ञाला फोन लावला की उत्तर मिळतं, "सर्व्हरची मेमरी संपली, मोठा प्लॅन घ्या." पंचवीस-तीस मेलबॉक्सचा स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या कारखान्यात, पतसंस्थेत किंवा शाळेत हा सल्ला बहुधा तिथल्या तिथे मान्य होतो, कारण काम खोळंबलेलं असतं. प्लॅन मोठा होतो, महिन्याचं बिल दुप्पट होतं आणि एकदा वाढलेलं बिल खाली आणायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुष्कळदा रॅम संपलेलीच नसते. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून घातलेली एखादी मर्यादा गाठलेली असते आणि ती वाढवायला प्लॅन बदलावा लागत नाही. म्हणून आधी निदान, मग खर्च.

पुढची माहिती लिनक्सवरच्या नेहमीच्या जोडणीची आहे. पोस्टफिक्स मेल घेतो आणि पाठवतो, डव्हकॉट तो फोनवर आणि संगणकावर दाखवतो, क्लॅमएव्ही त्यातले व्हायरस तपासतो.

घाईचं कारण नाही

सर्व्हर तासभर बंद राहिला म्हणून येणारे मेल हरवत नाहीत. पाठवणाऱ्याचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर मूळ सेटिंगनुसार 5 दिवस मेल रांगेत ठेवतो. तेवढ्या वेळात नीट तपासणी होते. घाबरून सर्व्हर पुसून नव्याने उभारायला मात्र कुणालाही परवानगी देऊ नका.

नेमकं काय संपलं?

*खरोखर रॅम संपली.* लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" अशी ओळ दिसते. मेमरी उरली नाही की लिनक्स एखादा प्रोग्राम स्वतःच बंद करतो आणि मेल सर्व्हरवर तो बहुधा क्लॅमएव्ही असतो. व्हायरसच्या खुणांची पूर्ण यादी तो मेमरीत ठेवतो, त्यामुळे एकटाच 1 जीबीहून जास्त जागा घेतो. नवी यादी आली की मूळ सेटिंगनुसार जुनी आणि नवी अशा दोन्ही याद्या काही वेळ मेमरीत असतात. 2 जीबीचा सर्व्हर नेमका तेव्हा कोसळतो.

*डव्हकॉटची स्वतःची मर्यादा.* डव्हकॉट 2.3 मध्ये एका प्रोसेसला मूळ सेटिंगनुसार 256 एमबी मिळतात. लाखभर मेल साठलेला एखादा जुना मेलबॉक्स तेवढ्यात मावत नाही. लॉगमध्ये इथेही "आउट ऑफ मेमरी" असंच येतं, पण त्याच ओळीत "व्हीएसझेड लिमिट" वाढवा अशी सूचनाही असते. इथे 8 जीबी रॅम घातली तरी फरक पडणार नाही. सेटिंगमधला एक आकडा बदलायचा असतो.

*जोडण्यांची मर्यादा.* एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून डव्हकॉट मूळ सेटिंगनुसार 10 जोडण्या देतो. संगणकावर मेल वाचायचा थंडरबर्ड हा प्रोग्राम एकटाच 5 पर्यंत जोडण्या उघडून ठेवतो. विक्री विभागाचा सामायिक मेलबॉक्स एकाच ऑफिसातून तिघांनी उघडला की तिसरा बाहेर राहतो. तक्रार एकाच मेलबॉक्सची असेल तर आधी हे पाहा.

*डिस्क भरली.* मोकळ्या जागेबरोबर आयनोड, म्हणजे फाइलींच्या संख्येची मर्यादाही तपासायला सांगा. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल म्हणजे एक स्वतंत्र फाइल. त्यामुळे जीबी शिल्लक असूनही फाइलींची संख्या संपू शकते.

*अटॅचमेंट मोठी.* पोस्टफिक्सची मूळ मर्यादा सुमारे 10 एमबी आहे. मेलमधून जाताना फाइल तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्तच फुगते, म्हणून साडेसात एमबीचं ड्रॉइंगही अडकू शकतं. याचा रॅमशी संबंध नाही.

खर्च किती?

शेवटच्या चार दुखण्यांत सेटिंग बदलणं किंवा जुने मेल हलवणं एवढंच काम असतं. खर्च तंत्रज्ञाच्या वेळेचा. रॅम खरोखर संपत असेल तर या क्रमाने जा.

1. डिस्कवर 2 जीबी स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा, करून घ्या. प्लॅनचा खर्च शून्य. सर्व्हर हळू चालेल, पण सहसा अचानक पडणार नाही. ही तात्पुरती सोय समजा.

2. क्लॅमएव्हीला नवी यादी भरण्याआधी जुनी सोडायला सांगा. 0.103 आवृत्तीपासून तशी सेटिंग आहे. यादी भरेपर्यंत तपासणी थोडा वेळ थांबते. हाही खर्च शून्य.

3. तरीही कर्नल लॉगमध्ये तीच ओळ आली, तर प्लॅन वाढवा. क्लॅमएव्हीची स्वतःची शिफारसच 3 जीबी किंवा त्याहून जास्त रॅमची आहे.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डिजिटलओशन कंपनीच्या 2024 च्या दरपत्रकात साध्या सर्व्हरचे महिन्याचे दर 2 जीबीला 12 डॉलर, 4 जीबीला 24 आणि 8 जीबीला 48 डॉलर होते. डॉलर 85 रुपये धरून आणि 18 टक्के जीएसटी मिळवून हिशेब असा:

- 2 जीबी: महिन्याला सुमारे 1,204 रुपये
- 4 जीबी: सुमारे 2,407 रुपये
- 8 जीबी: सुमारे 4,814 रुपये

म्हणजे 2 जीबीवरून 4 वर गेल्यास वर्षाला 14,443 रुपये जास्त. जीएसटी नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटचं सीएला विचारा. आठवड्याच्या बॅकअपला प्लॅनच्या 20 टक्के वेगळे लागतात. ते वाचवू नका.

पैसे देण्याआधी विचारा

- लॉगमधली नेमकी ओळ कोणती? ती लेखी द्या.
- डिस्क तशीच ठेवून फक्त रॅम वाढवता येईल का? डिस्कही वाढवली तर बऱ्याच ठिकाणी लहान प्लॅनवर परतता येत नाही.
- कंपनी बदलत असू, तर पोर्ट 25 उघडा मिळेल का? डिजिटलओशन आणि अ‍ॅमेझॉन लाइटसेल तो सुरुवातीला बंद ठेवतात आणि तो बंद असेल तर मेल थेट बाहेर जात नाही.
- कामाला किती तास लागतील? कोटेशनमध्ये लिहून घ्या.

स्वतःचा सर्व्हर परवडतो का?

4 जीबीचा सर्व्हर आणि बॅकअप मिळून महिन्याला सुमारे 2,889 रुपये होतात. 25 मेलबॉक्स असतील तर प्रत्येकी साधारण 116 रुपये. त्यात तंत्रज्ञाचा महिन्याचा खर्च मिळवा आणि मग तयार मेल सेवेचा दर शेजारी ठेवा. मेलबॉक्स दहाच असतील तर हाच आकडा 289 रुपयांवर जातो आणि तेव्हा तयार सेवेचा विचार जरूर करावा.

सर्व्हर ठेवायचं ठरलं, तर वाढवलेल्या प्लॅनवर महिनाभराने मेमरीचा वापर पुन्हा तपासून घ्या. निम्मी रॅम रिकामी दिसली तर लहान प्लॅनवर परत या. संस्थेचा पैसा सभासदांचा, शाळेचा पालकांचा आणि कारखान्याचा कामगारांच्या घामाचा असतो. तो खर्च करण्याआधी लॉगमधली एक ओळ वाचायला दहा मिनिटं पुरतात.