विद्युत्-दाब, प्रवाह आणि रोध

तारेच्या दोन टोकांमध्ये विद्युत्-दाबाचा फरक असला म्हणजे तिच्यातून विद्युत्-प्रवाह वाहू लागतो. उंचावरील टाकीतले पाणी खालच्या नळाकडे धावते, तसाच हा प्रकार. नळ अरुंद असेल तर पाणी कमी येते. तद्वत् तार बारीक किंवा लांब असेल तर तिचा रोध वाढतो व प्रवाह घटतो. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये मोजतात.

या तिहींतील संबंध जर्मनीतील कोलोन येथे अध्यापन करणाऱ्या गेओर्ग ओहम यांनी प्रयोगांनी शोधला व १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. स्वदेशात त्याची प्रथम उपेक्षाच झाली. १८४१ साली मात्र लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. तापमान कायम असता धातूच्या तारेतील प्रवाह दाबाच्या सम प्रमाणात व रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हाच ओहमचा नियम होय. ६ व्होल्टची बॅटरी ३० ओहम रोधाला जोडली, तर ६ ÷ ३० = ०.२ अँपिअर प्रवाह वाहील.

हे गणित केवळ परीक्षेपुरते नाही. भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. त्वचा ओली असता शरीराचा रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी शरीरातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल, आणि ०.१ अँपिअर प्रवाहानेही हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. कोरड्या त्वचेचा रोध अधिक खरा, पण एवढ्या दाबाखाली तो टिकेलच असे नाही. म्हणून ओल्या हातांनी विजेच्या बटणास स्पर्श करू नये व दुरुस्तीपूर्वी मुख्य बटण बंद करावे.